तारांचं चाक की ओतीव चाक? जुन्या मोटरसायकलसाठी निवड करण्याआधी

जुनी मोटरसायकल नव्यानं उभी करायला घेतली की इंजिनावरून फारशी हुज्जत होत नाही. ते मूळचंच हवं, यावर सगळे राजी असतात. रंगावर थोडी चर्चा होते. भांडण जुंपतं ते चाकांवरून. एक जण सांगतो, "तारा काढून टाक, अलॉय बसव, ट्यूबलेस टायर चढव, कटकट संपली." दुसरा म्हणतो, "जुन्या गाडीला अलॉय? मग जुनी गाडी घेतलीस कशाला?" तिसऱ्याकडे सत्तरच्या दशकाच्या अखेरची गाडी असते. तिला कारखान्यातूनच ओतीव चाकं आलेली असतात, आणि त्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलेलं असतं की तारांची चाकं टाकली तरच गाडी 'खरी जुनी' दिसेल.

सल्ला देणारे सगळे ठाम असतात आणि ज्याची गाडी आहे तो मात्र दोन्हीकडून कुचंबतो. याचं कारण सरळ आहे. आपण दोन चाकांच्या दिसण्याची तुलना करत बसतो आणि ती चाकं वजन कसं पेलतात, म्हातारी कशी होतात, मोडण्याआधी काय सांगतात, हे बघायचं राहून जातं. माझ्या मते निवड तिथेच ठरते.

आधी चार शब्द

चाकाचे मुख्य भाग तीन. मध्ये हब, त्यातून ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, जातो आणि तिथेच बेअरिंग नि ब्रेक बसतात. कडेला रिम, तिच्यावर टायर चढतो. आणि या दोघांना जोडणारं काहीतरी. ते पोलादी तारांचं असेल तर त्या तारांना आपण स्पोक म्हणतो. स्पोकचं एक टोक वाकवून हबच्या कडेला अडकवलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला, रिमच्या भोकात, निपल नावाचा लहानसा लांबट नट असतो. निपल फिरवला की तार ताणली जाते किंवा सैल पडते.

हब, रिम आणि मधले जाड आरे साच्यात एकत्र ओतले असतील तर ते ओतीव चाक. बोलताना आपण त्याला अलॉय किंवा मॅग व्हील म्हणतो. 'मॅग' हे नाव शर्यतीच्या गाड्यांच्या मॅग्नेशियमच्या चाकांवरून आलं. रस्त्यावरच्या गाड्यांची 'मॅग' चाकं बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमचीच असतात. 'अलॉय' या शब्दानंही घोळ होतो. रिम अ‍ॅल्युमिनियमची आणि तारा पोलादाच्या, असं चाकसुद्धा असतं, आणि ते फार जुनं आहे. इटलीत मिलानची बोरानी ही कंपनी १९२० च्या दशकापासून तारांची चाकं बनवत आली, आणि तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिमा जुन्या गाड्यांच्या दुनियेत आजही नावाजलेल्या आहेत. त्यामुळे कुणी "अलॉय टाक" म्हणालं तर आधी विचारावं, कुठलं? रिम की सगळं चाक?

पूर्ण भरीव तबकडीचं चाक हा वेगळाच प्रकार. स्कूटरची लहान चाकं पत्र्याची असतात, १९४६ च्या पहिल्या व्हेस्पापासून, आणि तिथे ती उत्तम चालतात. पण मोठ्या चाकाच्या मोटरसायकलला, त्यातही पुढे, सलग तबकडी लावली की आडवा वारा तिच्यावर शिडासारखा आदळतो आणि हँडल हातातून वळवू पाहतो. ती वाट दिसायला कितीही देखणी असली तरी पुढच्या चाकाला मी सुचवणार नाही. खरी निवड उरते ती तारांच्या आणि ओतीव चाकात.

तार ढकलू शकत नाही, ती फक्त ओढते

बैलगाडीचं चाक डोळ्यासमोर आणा. त्याचे लाकडी आरे जाड असतात आणि जमिनीकडचा आरा खांबासारखा उभा राहून वरचं ओझं पेलतो. आता मोटरसायकलचा एक सुटा स्पोक टेबलावर उभा धरून वरून दाबून पाहा. तो लगेच वाकतो. मग अशा काडीएवढ्या तारांवर माणसं, सामान आणि दीड-दोनशे किलोची गाडी उभी राहते कशी?

गंमत अशी की त्या तारांवर दाब येऊच दिला जात नाही. प्रत्येक तार आधीच चांगली ताणून ठेवलेली असते. कल्पना करा, मध्ये एक लोखंडी कडं आहे, त्याला चौफेर दोर बांधलेत आणि माणसं गोल उभी राहून सारख्या जोरानं ओढतायत. कडं मधोमध स्थिर आहे. आता एका माणसानं हात थोडा सैल सोडला, तर कडं लगेच त्याच्या विरुद्ध बाजूला सरकू पाहतं. चाकात नेमकं हेच होतं. जमिनीला टेकलेल्या जागी रिम किंचित आत दबते, तिथल्या तारांचा ताण कमी होतो, म्हणजे हबला खाली ओढणारा जोर घटतो आणि उरलेल्या तारा हबला वर तोलून धरतात. चाक फिरत राहतं तशी ही पाळी एकेका तारेवर येत जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक तार एकदा थोडी सैलावते आणि पुन्हा ताणली जाते.

ही युक्ती मोटरसायकलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडच्या जॉर्ज केलींनी १८०८ मध्येच उडणाऱ्या यंत्रासाठी ताणलेल्या दोऱ्यांच्या हलक्या चाकाची कल्पना मांडली होती. पुढे सायकलवाल्यांनी ती उचलली. पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी तारा हबपासून सरळ बाहेर न नेता तिरप्या, हबच्या कडेला स्पर्श करून जातील अशा लावल्या. बरणीचं झाकण फिरवताना आपण बोटं कडेला लावतो, मध्यावर नाही, तसंच हे. सरळ बाहेर जाणारी तार हबचा पीळ रिमपर्यंत नीट पोचवू शकत नाही, तिरपी तार पोचवते. मोटरसायकलला तर हे फारच लागतं, कारण मागे इंजिनाचा जोर आणि दोन्ही चाकांना ब्रेकचा जोर, सगळा या तारांमधूनच जातो. जुन्या गाडीच्या चाकात एकमेकींना छेदणाऱ्या तारांची जी नक्षी दिसते, ती नक्षी नव्हेच. निम्म्या तारा गाडी पळवताना जास्त ओढतात, निम्म्या ब्रेक दाबताना.

तारांच्या चाकाची ताकद अशी ताणाच्या समतोलात असते. समतोल बिघडला की चाकाला आउट येतो, म्हणजे ते फिरताना डोलू लागतं. पण बिघडलेला समतोल निपल फिरवून परतही आणता येतो, आणि तुटली तर एक तार बदलता येते. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

ओतीव चाकं आली कुठून?

ओतीव चाक म्हणजे अगदी अलीकडचं, असा समज आहे. तसं नाही. बोहेमियात (आजच्या चेकियात) बनणाऱ्या बोमरलँड या लांबलचक मोटरसायकलला १९२० च्या दशकातच ओतीव अ‍ॅल्युमिनियमची चाकं होती. पण ती अपवादच. लाट आली ती १९७० च्या दशकात. इंजिनं ताकदवान झाली, डिस्क ब्रेक आले, टायर रुंद होऊ लागले. तारांचं चाक विणायला आणि त्याचा आउट काढायला सरावाचा हात लागतो. ओतीव चाक साच्यातून येतं, लेथवर फिरतं आणि थेट गाडीला लागतं. यामाहाच्या १९७६ च्या आरडी ४०० ला ओतीव चाकं आली. हार्ले-डेव्हिडसनच्या १९७७ च्या एक्सएलसीआरलाही. त्याच वर्षी होंडानं मधलाच मार्ग काढला: कॉमस्टार. त्यात रिम अ‍ॅल्युमिनियमची, आरे दाबून घडवलेल्या पट्ट्यांचे आणि सगळं रिव्हेटनं जोडलेलं. लांबून ते ओतीव वाटतं, पण ओतीव नव्हे. आणि रिव्हेट सोडवून ते घरी दुरुस्त करायचं चाकही नव्हे.

म्हणून एक साधी गोष्ट: तुमची गाडी १९७७-७८ ची असेल आणि तिला मूळचीच ओतीव चाकं असतील, तर तीच तिची जुनी ओळख आहे. तिला तारा लावून ती अधिक जुनी होत नाही, फक्त दुसरीच गाडी दिसू लागते.

धातू थकतो, आणि सगळे धातू सारखे थकत नाहीत

कागदाला लावायची तारेची पिन घ्या आणि एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. एका वाकवण्यानं काही होत नाही, दहा-वीस झाल्या की ती तुटते. याला धातूची थकावट म्हणतात. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात धातूवर असा बारीकसा ताण येतो आणि जातो.

पोलादाचा एक चांगला गुण आहे. ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान ताणही लाखो-कोटी वेळा आला की हिशेबात जमा होत राहतो. नव्या ओतीव चाकात हे धरूनच धातू जाड ठेवलेला असतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या चाकाचा हिशेब आपल्याला माहीत नसतो. किती खड्डे खाल्ले, कुणी हातोड्यानं ठोकून सरळ केलं का, टायर काढताना कडेला पहारीचा घाव बसला का? शिवाय ओतकामात कधी आत बारीक पोकळ्या राहून जातात, आणि तडा तिथून सुरू व्हायला बघतो.

मॅग्नेशियमचं जुनं चाक असेल तर आणखी जपायला हवं. ते हलकं असतं, पण ओल आणि पोलादाचा शेजार त्याला सोसत नाही. रंगाखाली पांढरी भुकटी साठत जाते आणि धातू आतून पोखरतो. शर्यतीसाठी बनलेल्या अशा चाकांना नियमित तपासणी आणि वेळेवर निवृत्ती गृहीत धरलेली होती. दिवाणखान्यात ती जरूर लावा. रस्त्यावर नेण्याआधी मात्र जाणकाराकडून तपासून घ्या.

कोणतं चाक बोलतं?

माझं मत ज्या दोन चाकांमुळे पक्कं झालं, ती सांगतो.

पहिलं तारांचं. गाडी स्टँडवर घेतली, मागचं चाक हवेत उचललं आणि लहान पान्याच्या दांड्यानं एकेक तार हलकेच ठोकत निघालो. टिंग, टिंग, टिंग, टिंग, मग एकदम टक. पुन्हा टिंग, टिंग, आणि परत टक. चाळीसपैकी तीन तारा मुक्या निघाल्या, तिन्ही जवळजवळच्या. त्यातली एक हबच्या कडेला, वाकणाच्या जागी, तुटूनच गेली होती आणि शेजारणींच्या आधारानं जागेवर अडकून होती. चाक फिरवून स्विंगआर्मशी, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी, पेन्सिल धरली तर त्याच जागी रिम पेन्सिलला घासत होती. ते चाक ओरडून सांगत होतं, मी ऐकायला उशीर केला होता. एक तार बदलली, दोन ताणल्या, आउट काढला, आणि ते चाक आजही त्या गाडीला आहे.

दुसरं चाक ओतीव, विकत घेतलेलं, नुकतंच काळ्याभोर रंगात चमकवलेलं. दिसायला नवंकोरं. फिरवून पाहिलं, आउट नाही. ठोकून पाहिलं, आवाज ठीक. तरी मनात शंका होती म्हणून रंग काढला आणि डाय पेनिट्रंट चाचणी केली. यात लाल पातळ रंग धातूवर लावतात, तो बारीकशा फटीतही शिरतो. वरचा पुसून टाकायचा आणि पांढऱ्या पावडरचा फवारा मारायचा. फटीत लपलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटून येतो. काही मिनिटं गेली आणि आरा जिथे हबला मिळतो त्या कोपऱ्यात केसासारखी लाल रेघ हळूहळू उगवली. दोन सेंटिमीटरभर असेल. हात थंड पडले. त्याच चाकावर मी पुढच्या आठवड्यात रस्त्याला लागणार होतो.

फरक हा आहे. तारांचं चाक बिघडतं तेव्हा बहुधा थोडं थोडं बिघडतं: एक तार सैल, दुसरी तुटलेली, रिम डोलू लागलेली, हँडलला कंप. जुनं ओतीव चाक बराच काळ काहीच सांगत नाही, आणि त्याच्या तड्याला आपण शोधायला गेलो तरच तो सापडतो. म्हणून ओतीव चाक वाईट असं मी म्हणत नाही. त्याला प्रश्न आपण विचारावा लागतो, एवढं खरं.

"पण ओतीव चाक हलकं असतं ना?"

नेहमी नाही. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची बरीचशी ओतीव चाकं चांगली जड होती, कारण बनवणाऱ्यांनी सुरक्षेसाठी धातू सढळ हातानं ओतला. पोलादी रिमचं तारांचं चाकही जड असतं. या दोघांच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियमची रिम आणि पोलादी तारा ही जोडी अनेकदा हलकी भरते.

आणि वजन किती यापेक्षा ते कुठे आहे, हे पाहावं. फिरणाऱ्या वस्तूत वजन मध्यापासून दुप्पट दूर गेलं की त्याला फिरवायला आणि थांबवायला चौपट जोर लागतो. गोफणीतला दगड दोरी आखूड धरली तर सहज फिरतो, लांब सोडली की हात ओढतो. त्यामुळे रिम आणि टायर यांत वाचवलेलं अर्धा किलो हबमध्ये वाचवलेल्या अर्ध्या किलोपेक्षा फार जास्त जाणवतं. शिवाय चाक, टायर आणि ब्रेक हे सस्पेन्शनच्या खालचं वजन. ते जितकं जास्त, तितकं चाक खड्ड्यातून उसळतं आणि रस्ता सोडतं. गाडी हलकी चालावी एवढंच हवं असेल तर मूळ हब ठेवून अ‍ॅल्युमिनियमची रिम विणून घेणं हा सगळ्यात कमी उलथापालथीचा उपाय आहे.

"आणि पंक्चरचं काय?"

हा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो टाळता येत नाही. तारांच्या साध्या रिमला प्रत्येक निपलसाठी भोक असतं, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबमध्ये खिळा घुसला आणि ती फाटली की हवा निपलच्या आणि वाल्व्हच्या भोकांतून झपाट्यानं निघून जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा बहुधा स्वतःच भोक बुजवून बसतो आणि हवा हळूहळू जाते. वेगात असताना, विशेषतः पुढच्या चाकाच्या बाबतीत, हा फरक मोठा आहे.

पण दोन गोष्टी लोक विसरतात. ओतीव चाक म्हणजे ट्यूबलेस असं समीकरण सुरुवातीच्या चाकांना लागू नाही. त्यातली कित्येक ट्यूबसाठीच बनलेली होती. ट्यूबलेससाठी रिमच्या आतल्या बाजूला एक बारीक उंचवटा लागतो. हवा कमी झाली तरी टायरची कड आत घसरू नये, यासाठी तो असतो. तो नसेल तर चाक अखंड असूनही ट्यूबलेस बसवणं धोक्याचं. चाकावर ट्यूबलेस असं उठावदार अक्षरात लिहिलंय का ते पाहावं, आणि लिहिलं नसेल तर ट्यूब घालावी. याच कारणासाठी तारांच्या जुन्या रिमची भोकं चिकटपट्टीनं किंवा रसायनानं बुजवून ट्यूबलेस करण्याचा मोह मी टाळतो. हवा धरून ठेवता आली म्हणजे टायरची कड धरून ठेवता आली, असं होत नाही.

तारा आणि ट्यूबलेस यांचं कायमचं वाकडं आहे असंही नाही. बीएमडब्ल्यूनं १९८७ मध्ये आर १०० जीएसला अशी चाकं दिली, ज्यात तारा रिमच्या मध्यातून न जाता अगदी बाहेरच्या कडांना अडकतात. हवेच्या बाजूला भोकच नाही, त्यामुळे ट्यूबलेस चालतं. जुन्या गाडीला ते जसंच्या तसं लावणं सोपं नसतं, पण खडबडीत रस्त्यांसाठी बनलेल्या गाडीला तारा आणि ट्यूबलेस दोन्ही देण्याइतका विचार कारखान्यांनी केला, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. खड्ड्यात तारांचं चाक थोडं लवचीकपणे दबतं, रिम वाकली तरी बदलता येते. म्हणून चिखलामातीच्या गाड्या आजही तारांवरच धावतात.

"सरळ चाकच बदललं तर?"

बदलता येतं, पण चाक एकटं येत नाही. ॲक्सलची जाडी वेगळी निघते, मग बेअरिंग बदलायचे, मग दोन्ही बाजूंचे स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या नळ्या, नव्यानं करून घ्यायचे. मूळ ड्रम ब्रेक हबच्या आत असतो. ओतीव चाक डिस्कसाठी असेल तर डिस्क पकडणारा कॅलिपर, ब्रेकचा दाब देणारा मास्टर सिलिंडर आणि पुढचं चाक धरणारा फोर्कसुद्धा आला. मागे चेनची रेषा जुळवायची. स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालत असेल तर तोही बंद पडतो. आणि हे सगळं जुळल्यावर पुढचं आणि मागचं चाक एका रेषेत आलं पाहिजे, नाहीतर गाडी एका बाजूला खेचत राहते.

यात टायरची रुंदी हळूच घुसते. जुन्या ब्रिटिश गाड्यांची ठरलेली रिम म्हणजे डब्ल्यूएम २, रुंदी १.८५ इंच, तिच्यापुढची डब्ल्यूएम ३, रुंदी २.१५ इंच. या अरुंद रिमांवर ३.२५ किंवा ३.५० इंची टायर बसावा, अशी त्या गाडीची सगळी चौकट, फोर्कचा कोन, वळण्याची सवय बेतलेली असते. तिला आजचं रुंद चाक आणि रुंद टायर दिला तर तो स्विंगआर्मला किंवा मडगार्डला घासू शकतो. घासला नाही तरी गाडी वळणात झुकायला कुरकुर करते. दुकानात उभी असताना ती भारदस्त दिसते. पहिल्या वळणावर मालकाला जुन्या गाडीची आठवण येते. शिवाय असा बदल नोंदणी आणि विम्याच्या नियमांत बसतो का, हेही आधीच विचारलेलं बरं.

तारांचं चाक ठेवायचं ठरलं तर

सगळ्यात महत्त्वाचं काम पहिली तार सोडवण्याआधीचं आहे. हबच्या मध्याच्या तुलनेत रिम किती डावी-उजवीकडे सरकलेली आहे, ते मोजून लिहून ठेवा. ती बरोबर मधोमध असेलच असं नाही; ड्रम आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) सांभाळण्यासाठी कारखान्यानं ती मुद्दाम सरकवलेली असते. हे माप हरवलं तर कितीही सुंदर विणलेलं चाक गाडीत वाकडंच बसणार. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कुठली तार आतून येते, कुठली बाहेरून, ते दिसेल असे. आणि घाईत तारा कटरनं छाटू नका. ताणलेल्या चाकाच्या तारा एकेक छाटत गेलं की उरलेल्यांवर भार येऊन रिम वाकू शकते. निपल थोडे थोडे, सगळीकडून सैल करत जा.

नव्या तारा स्टेनलेसच्या घेतल्या तर गंजाची चिंता मिटते. पण स्टेनलेस तारेवर स्टेनलेस निपल कोरडाच फिरवला तर आटे एकमेकांना धरून बसतात आणि सुटत नाहीत. म्हणून पितळेवर मुलामा दिलेले निपल आणि आट्यांना थोडं ग्रीस. जुन्या तारांना चमक यावी म्हणून पुन्हा क्रोम करून घेणं मात्र नको. मुलाम्याच्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो, आणि नीट भाजून तो काढला नाही तर ताणलेली तार ठिसूळ होऊन तुटते. रिमचा मुलामा सोलला असेल तर तो वेगळा विषय. पण आतून गंजून पातळ झालेल्या रिमला नवा मुलामा देणं म्हणजे आजारी माणसाला नवे कपडे घालणं. ती बदलावी.

विणून झाल्यावर निपलच्या वर उरलेलं तारेचं टोक बोटानं चाचपा. ते आत डोकावत असेल तर कानशीनं घासून टाका आणि वरून रिमची पट्टी नीट बसवा. ट्यूब पंक्चर होण्याचं एक नेहमीचं कारण रस्त्यावर नसतं, इथे असतं. आउट किती चालेल? बऱ्याच कारखान्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका २ मिलिमीटर ही मर्यादा सांगतात. चांगला कारागीर त्याच्या खूप आत आणतो.

ओतीव ठेवायचं ठरलं तर

रंग काढून तपासा, रंग लावून नव्हे. आऱ्याच्या दोन्ही मुळांशी, रिमच्या कडांवर, ब्रेक डिस्कच्या बोल्टभोवती पाहा. तडा सापडला तर वेल्डिंग करून घ्यायचा मोह होईल, तो आवरा. वेल्डिंगच्या उष्णतेनं आजूबाजूच्या धातूची ताकद जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. कडेला छोटासा खळगा असेल तर चाकांचंच काम करणाऱ्याला दाखवा.

पावडर कोटिंगबद्दल, म्हणजे भुकटीचा रंग फवारून भाजण्याबद्दल, थोडं सांगायला हवं, कारण ते सगळेच करतात. ते पक्कं करायला चाक साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजावं लागतं. अनेक ओतीव चाकांचं अ‍ॅल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून बळकट केलेलं असतं, आणि त्या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा याच्या आसपासच्या, बहुधा थोड्या कमी तापमानाला होतो. एकदा, थोडा वेळ भाजल्यानं फारसं बिघडत नाही. जास्त तापमान, जास्त वेळ आणि दर काही वर्षांनी पुन्हा, असं झालं की ताकद उतरत जाते. मी साधा रंग निवडतो. त्याचा दुसरा फायदा असा की तो पातळ असतो आणि खालचा तडा त्यातून लवकर दिसतो.

मग मी काय लावलंय?

ज्या गाडीला तारा मूळच्या होत्या तिला ताराच, नव्या स्टेनलेसच्या, आणि हब मूळचाच. दुसरी गाडी ओतीव चाकांची आहे; तिला तपासून घेतलेली, मूळ आकाराचीच ओतीव चाकं, आत ट्यूब, कारण त्या चाकावर ट्यूबलेस लिहिलेलं नाही. रोज लांब पल्ला, भरधाव रस्ते आणि बरोबर कुणीतरी बसलेलं, असा वापर असेल तर ट्यूबलेसचा फायदा इतका मोठा आहे की त्यासाठी जुन्या गाडीची उलथापालथ करण्यापेक्षा त्या कामाला दुसरी गाडी ठेवावी, असंच मी सांगेन. फक्त मिरवण्यासाठी चाक बदलायचं असेल तर जुनी चाकं पोत्यात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पुढच्या मालकाला ती हवी असतील.

नव्यानं विणलेलं चाक पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये जागेवर बसतं. तारांची वाकणं हबच्या भोकांत रुततात आणि ताण थोडा उतरतो. तेव्हा गाडी पुन्हा स्टँडवर घ्या, वाल्व्हपाशी पहिली तार धरा आणि पान्याच्या दांड्यानं ठोकत एक पूर्ण फेरी मारा. जिथे टक ऐकू येईल तिथे निपलला पाव फेरा, त्याहून जास्त नको, आणि पुन्हा पहिल्यापासून.